आज देव कुठं दिसला?

(‘बाई आणि धर्म’ या विषयावरच्या दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण ताटं विसळत होतो, तेव्हा एका ताईंनी मला विचारलं, “तू एवढी शिकलेली, चळवळीतली, दिवसभर मारहाणीच्या केसेस बघतेस. आणि रविवारी सकाळी बायबल घेऊन चर्चला जातेस. कसं जमतं गं तुला?” त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरंच कुतूहल होतं. मी म्हटलं, “उद्या माझी पाळी आहे, तेव्हा सांगते.” आणि मग रात्री गादीवर पडल्यावर लक्षात आलं, की याचं उत्तर आपण स्वतःलासुद्धा नीट दिलेलं नाही.

मला विषय मिळालाय ‘रोजच्या जगण्यात जाणवणारा देव’. प्रवचन करणार नाही, कुणाला ख्रिस्ती करायला आलेली नाही. हसू नका, हल्ली आम्हाला बोलायला सुरुवात इथूनच करावी लागते. आणखी एक अडचण आहे. अल्पसंख्य समाजातल्या बाईनं आपल्या घरातलं दुखणं बाहेर सांगितलं, की ते तिच्या समाजाला झोडपायला वापरलं जातं. मुसलमान मैत्रिणींना हे माझ्याहून जास्त माहीत आहे. म्हणून पुष्कळदा आम्ही गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत आमच्यातल्याच बाया मोजतात. आज मी गप्प बसणार नाही.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. माझे पणजोबा महार समाजातून ख्रिस्ती झाले. माझी आजी दुसऱ्यांच्या मळ्यात कांदे काढायला, खुरपायला जायची. रात्री दिवे गेलेले असायचे, चिमणीच्या उजेडात आम्ही चार नातवंडं तिच्या बाजेभोवती बसायचो. प्रार्थना व्हायची, आणि मग ती प्रत्येकाला विचारायची, “सांग गं, आज देव कुठं दिसला?”

काहीतरी सांगितल्याशिवाय झोपायला सोडायची नाही. आमची उत्तरं पोरांसारखीच. बोरं मिळाली. पाऊस आला. आजीची स्वतःची उत्तरं त्याहून साधी असायची. बांधावर लिंबाची सावली होती. मुकादमानं आज हिशोब नीट केला. सोबतच्या बाईनं तिच्या भाकरीतला तुकडा दिला. एका रात्री मी सांगितलं, “बाईंनी आज छडी माझ्या शेजारचीला मारली, मला मारली नाही. देवानं मला वाचवलं.” आजी चिमणीची वात सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग तिच्याकडं नव्हता व्हय देव?”

मी तिसरीत असेन. उत्तर सुचलं नाही. आजी रागावली वगैरे काही नाही, म्हणाली, “दुसरं सांग.” दुसरं काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण तो प्रश्न मात्र पुढं मला फार महागात पडून परत भेटला. ते सांगतेच.

एमएसडब्ल्यू करताना मला कळलं, की दिवसाच्या शेवटी असं मागं वळून पाहण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलानं ती आपल्या जेझुइट साथीदारांना घालून दिली. आजीच्या कानावर हे नाव कधी आलं असेल असं वाटत नाही, आणि आम्ही तर प्रॉटेस्टंट. त्याच दिवसांत एका मैत्रिणीनं मला ब्रदर लॉरेन्सचं छोटं पुस्तक दिलं. हा सतराव्या शतकातला माणूस, पॅरिसमधल्या एका कार्मेलाइट मठात स्वयंपाकी होता. भांडी घासताना, अंडी परतताना आपण देवाच्या सहवासातच असतो, चर्चमध्ये गुडघे टेकल्यावर जेवढे असतो तेवढेच, असं त्याचं सांगणं. १६९१ मध्ये तो वारल्यानंतर त्याची पत्रं आणि संभाषणं गोळा करून ते पुस्तक झालं आणि जगभर गेलं. मला ते आवडलं, अजून आवडतं. पण खरं सांगू का, वाचताना मनात एक खोडसाळ विचार आलाच. पुरुषाला स्वयंपाकघरात देव भेटला तर त्याचं पुस्तक होतं. आणि त्याच्या मठात मीठ जास्त पडलं म्हणून कुणी ताट भिरकावत नव्हतं.

त्या मानानं आपल्या जनाबाईची कथा जास्त जवळची वाटते. मी ख्रिस्ती असले तरी मराठी शाळेतच शिकले, जनाबाई मलाही मिळाली. तिच्या कथेत विठ्ठल दळायला बसतो, शेण्या गोळा करतो. ‘तुझे कष्ट गोड मानून घे’ असं सांगून तो मोकळा होत नाही, जात्याचा खुंटा स्वतः धरतो. येशूनंही असं काहीतरी केलंय, पण आमच्याकडं ते झाकलेलं राहतं. लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात हरवलेल्यांच्या तीन गोष्टी लागोपाठ आहेत. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा. मेंढपाळावर आणि उधळ्या पुत्राच्या बापावर मी लहानपणापासून किती प्रवचनं ऐकली असतील, मोजता येणार नाहीत. मधली गोष्ट एका बाईची आहे. तिच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडेपर्यंत शोधते. म्हणजे येशूनं देवासाठी जी चित्रं उभी केली त्यात हातात केरसुणी घेतलेली एक बाई आहे. तिच्यावर अख्खं प्रवचन मी एकदाच ऐकलं, तेही पाहुण्या पाळकबाईंकडून.

आता त्या केसकडे येते. ज्या बाईची ही हकिगत आहे तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असं काही सांगणार नाही.

२०१५ सालची गोष्ट. मी एका समुपदेशन केंद्रात नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. ती आली ती मी ख्रिस्ती आहे हे ऐकून आली. नवरा मारायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आधी ती तिच्या मंडळीच्या पाळकांकडं गेली होती. त्यांनी सांगितलं होतं, प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावा लागतो, प्रार्थना करत राहा. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही तापतं. येशूचा क्रूस ही रोमन सत्तेनं दिलेली फाशीची शिक्षा होती. नवऱ्याची लाथ म्हणजे क्रूस नव्हे. पण ऐका, पाळकांना नावं ठेवणाऱ्या मी पुढं काय केलं ते.

नवऱ्याला बोलावलं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत तो रडला. टेबलावर डोकं ठेवून, हुंदके देऊन रडला. खिशातून छोटं बायबल काढलं, त्यावर हात ठेवला आणि पुन्हा हात उचलणार नाही म्हणाला. मी तडजोडीचा कागद लिहिला, सहा अटी घातल्या, दोघांच्या सह्या घेतल्या. चहा मागवला. त्या रात्री आजीचा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि डायरीत लिहिलं, की आज देव त्या माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्यात दिसला. तेवढ्यावर थांबले नाही. पुढच्या बुधवारी घरोघरच्या प्रार्थनासभेत उभी राहून मी याची साक्षही दिली. लोक ‘आमेन’ म्हणाले.

साडेचार महिन्यांनी तिची बहीण तिला घेऊन आली. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. थप्पड बसली की फाटतो, तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. डॉक्टरकडं न्यायला सहा दिवस गेले होते, कान पिकला होता. ती मला काहीच बोलली नाही. बहीणच बोलत होती. मी माझी चूक झाली, आपण आधीच अहवाल करायला हवा होता, असं काहीबाही बोलत राहिले. तेव्हा ती म्हणाली, “ताई, ते रडत होते तेव्हा तुम्ही त्यांच्याकडंच बघत होता. मी तुमच्याकडं बघत होते.”

एवढंच. नंतर पाणी मागितलं.

मी घरी गेले आणि ते दृश्य पुन्हा पुन्हा आठवायचा प्रयत्न केला. त्याचा चेहरा, त्याचं मनगट, बायबलचं निळं कव्हर, सगळं आठवत होतं. ती त्या वेळी कशी बसली होती, काही केल्या आठवेना. सही करताना तिचा हात कसा होता, तिनं चहा प्यायला की नाही, काही नाही. ज्या रात्री मी देव दिसला म्हणून लिहिलं त्या रात्री खोलीतली मार खाल्लेली बाई मला दिसली नव्हती. आणि आजीचा आवाज आला, मंग तिच्याकडं नव्हता व्हय देव?

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तो प्रश्न रात्री विचारला नाही. चर्चला जायची, भजनं म्हणायची, प्रभुभोजन घ्यायची, पण डायरी बंद. मला भीती वाटत होती. देव दिसतो म्हणजे आपल्याला जे बरं वाटतं ते दिसतं, असंच असेल तर? प्रकरण मिटलं म्हणून मला बरं वाटलं होतं. माझ्या रजिस्टरमध्ये एक ‘समेट’ वाढला होता. तुम्ही देव मानत नसाल तरी हे तुम्हाला ओळखीचं असेल. संस्थेचा अहवाल लिहिताना आपणही असंच करतो की.

त्या वर्षात मी हागारची गोष्ट पुन्हा वाचली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, ती आहे. हागार मिसर देशाची, अब्राहाम आणि सारा यांच्या घरची दासी. सारेला मूल होत नाही म्हणून ती नवऱ्याच्या स्वाधीन हागारला करते. हागारला कुणी विचारत नाही. ती गरोदर राहते, मग मालकीण छळायला लागते, आणि ती वाळवंटात पळून जाते. तिथं पाण्याच्या झऱ्यापाशी देवाचा दूत तिला गाठतो आणि नावानं हाक मारतो. मालक आणि मालकीण त्या कथेत एकदाही तिचं नाव उच्चारत नाहीत, ‘दासी’ म्हणतात. आणि मग ती बाई एक विलक्षण गोष्ट करते. ती देवाचं नाव ठेवते. पाहणारा देव, असं. बायबलमध्ये देवाचं नाव ठेवणारी ही पहिली व्यक्ती. परकी, गुलाम, गरोदर, घरातून पळालेली बाई.

हे वाचून मी रडले, पण गोष्ट इथं गोड होत नाही. कारण तोच दूत तिला सांगतो, मालकिणीकडं परत जा. म्हणजे तडजोडीचा कागद! माझ्याच केंद्रात बसल्यासारखा. यावर मी पाळकांशी वाद घातला, ग्रंथालयात पुस्तकं शोधली. अमेरिकेतल्या फिलिस ट्रिबल यांनी १९८४ मध्ये बायबलमधल्या अशा भयानक कथांवर पुस्तक लिहिलं, त्यात हागार आहे. डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय अभ्यासक स्त्रीनं १९९३ मध्ये लिहिलं, की गुलामगिरीतून आलेल्या काळ्या बायकांनी हागारला कायम आपलीच मानलं. त्या म्हणतात, इथं देवानं हागारला मुक्ती दिली नाही, जगायचं साधन दिलं. वाळवंटात गरोदर बाई एकटी मेलीच असती. मला हे पटतं आणि पटतही नाही. परत जा म्हणणाऱ्या देवाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, मिटवायची घाईही नाही.

पुढं, पाच अध्यायांनंतर, हागारला घराबाहेर काढतात. थोडी भाकर आणि पाण्याची एक पखाल देऊन, मुलासकट. आता परत जायला कुणी सांगत नाही. पाणी संपतं. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, त्याचं मरण बघायला नको म्हणून. पुढचं मी कितीतरी वेळा वाचलं होतं पण माझ्या ध्यानात आलं नव्हतं. देव तिथं नवी विहीर खणत नाही. तो तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर होतीच. मग ती उठते, पखाल भरते आणि पोराला पाजते.

मैत्रिणींनो, आपण जे काम करतो ते बहुतेक वेळा हेच नाही का? विहीर खणायचं बळ आपल्यात नसतं. शेजारीण रात्री दार उघडेल का, बहिणीच्या घरात पोत्याएवढी जागा आहे का, संरक्षण अधिकारी कुठं बसतात, २००५ च्या कायद्यानं राहत्या घरावर तुझा हक्क आहे, असं एक एक दाखवत जातो. आणि विहिरी आपोआप तिथं येत नाहीत, आधी कुणीतरी खणलेल्या असतात. आमच्या ख्रिस्ती बायकांची एक विहीर सांगते. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा आमच्यावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ होता. नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून देणं असलं काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट मिळतच नसे. देशभरातल्या बायका वर्षानुवर्षं यासाठी भांडल्या, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या तरतुदीला धक्का दिला, आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. माझ्यासमोर कान फुटलेली बाई बसली तेव्हा क्रूरता हे एकटं कारण पुरेसं होतं. ते कुणाच्या प्रार्थनेनं झालं आणि कुणाच्या मोर्चानं, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. मोर्चात प्रार्थना करणाऱ्याही होत्या.

विहिरीवरून पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडं राहिल्या. लंडनमध्ये फुलहॅम इथं त्या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी घर चालवत. शास्त्रं पाठ असलेल्या रमाबाईंनी तिथं पाहिलं, की अशा बायकांशी कुणी माणसासारखं वागतंय. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. आधी काम पाहिलं, मग गोष्ट ऐकली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून मान तुकवली नाही. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद! क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत. पुढं केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात उपाशी मरणाऱ्या बायामुली त्यांनी आणल्या, आणि त्यांच्यातल्याच बायका छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. आमच्या चर्चमध्ये रमाबाईंची ‘भक्त’ म्हणून तसबीर असते, भांडखोर रमाबाई कुणी सांगत नाही. आणि चळवळीत, माफ करा पण बोलते, पुष्कळ काळ उलटं झालं. भांडणारी रमाबाई घेतली आणि तिचा देव दाराबाहेर ठेवला.

तर, ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी चर्चला जाते कारण मला तिथं आजी भेटते, हागार भेटते, केरसुणीवाली बाई भेटते. आणि भांडायलाही जाते. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या बैठकीत मी मांडलं, की मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला पाळकांनी परत पाठवायचं नाही, आधी दवाखान्यात आणि मग पोलिसांत न्यायचं. दोन बैठका वाद झाला. एक वडीलधारे म्हणाले, “घरातलं चव्हाट्यावर कशाला?” ठराव झाला नाही. पाळकांनी नंतर मला बाजूला बोलावून केंद्राचा फोन नंबर मात्र लिहून घेतला. त्या रात्री डायरीत मी काय लिहावं हे मला कळेना, शेवटी नंबर दिल्याचं तेवढं लिहिलं.

डायरी पुन्हा सुरू झाली, हे सांगायचं राहिलं. आता बैठकीत कुणी रडायला लागलं, की मी मुद्दाम समोरच्याकडं बघते. तिचे हात बघते. मग रात्री त्या दिवशीच्या बायांची नावं आठवायला बसते, आणि एखादीचा चेहरा आठवला नाही, की मला कळतं कुठं चुकलं. अशा दिवशी देव कुठं दिसला ते लिहीत नाही. जागा कोरी सोडते. माझ्या डायरीत पुष्कळ कोऱ्या जागा आहेत. उरलेल्या ठिकाणी आजीसारखंच आहे. हवालदारीणबाईंनी रात्रपाळीत कुणाच्या तरी बाळासाठी दूध गरम करून आणलं. एका मुलीनं न्यायालयात जजसाहेबांना “मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही” असं म्हटलं. कुणाला यात देव दिसेल, कुणाला चांगली बाई दिसेल. त्यावर मी वाद घालणार नाही.

आणि ती, डाव्या कानाची. ती परत गेली नाही. चार वर्षं लागली, घटस्फोट झाला. मधे एक वर्ष ती चर्चमध्ये पाऊलही टाकत नव्हती, मीही कधी चल म्हटलं नाही. मग एका रविवारी आली, मुलीला घेऊन, आणि मागच्या बाकावर बसली. तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूला बसते. पाळक गीताचा नंबर सांगतात तो तिला ऐकू येत नाही. मी तिच्या कानाशी पुन्हा सांगते, आणि ती पान उघडते.